सोफा जड, जातं हलकं

एक वाचक भगिनी नागपूरहून लिहितात. त्यांच्या यजमानांना चाकणच्या कारखान्यात नोकरी मिळाली आहे आणि १ मेला रुजू व्हायचं आहे. सामान हलवायचा खर्च कंपनी देणार नाही. घरात नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढं भाड्याचं घर, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चाकणच्या घराची अनामतही त्याच सुमारास भरायची असल्याने हलवाहलवीसाठी जेमतेम तीस हजार बाजूला काढता आले आहेत. एका पॅकर्सवाल्याने घरी येऊन, सगळं बघून ५२,००० सांगितले. दुसऱ्याने काहीही न बघता फोनवरच २३,००० सांगितले आणि ५,००० आगाऊ मागितले. ओळखीतला आयशरवाला नुसत्या चौदा फुटी गाडीचे ३४,००० म्हणतो. पिकअपवाला २१,००० म्हणतो, पण 'एवढं सामान पिकअपमध्ये मावणार नाही' असंही सांगतो. यजमानांचं मत असं, की तीन वर्षांपूर्वी २८,००० ला घेतलेला सोफा आणि कूलर न्यावा. सासूबाईंचं दगडी जातं, सागवानी दिवाण आणि जुनी लोखंडी आलमारी हे जड सामान इथेच विकावं. त्या दिवसापासून सासूबाई गप्प आहेत. 'तेवीस हजारवाल्याला होकार द्यावा का? आणि काय न्यायचं, काय नाही, हा घरातला वाद कसा मिटवावा?' असं त्या विचारतात.

नमस्कार ताई,

तुमचे प्रश्न दोन दिसतात, पण गाठ एकच आहे. घरात सगळे वजनाचा हिशेब करताहेत आणि गाडीवाला जागेचा. दोन खोल्यांच्या संसाराचं वजन हजार किलोच्या आसपास भरतं, आणि पिकअप तेराशे किलो सहज वाहते. म्हणजे वजनाने तुमची गाडी भरणारच नाही. ती भरणार आहे पोकळ, फुगीर वस्तूंनी. तेव्हा वजनकाटा बाजूला ठेवा आणि शिंप्याची नाही तर सुताराची टेप घ्या.

एका संध्याकाळी वहीत प्रत्येक मोठ्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची फुटांत लिहा आणि गुणाकार करा. येतील ते घनफूट. चौदा फुटी आयशरचा हौदा साधारण १४ गुणिले ६, आणि सहा फूट उंच रचलं तर ५०० घनफूट. मोठी पिकअप ९ गुणिले साडेपाच, आणि साडेपाच फूट उंच रचलं तर २७० घनफूट. गाडीगणिक हौदा थोडा कमीजास्त असतो, म्हणून तुमच्या पिकअपवाल्याचा हौदा स्वतः मोजून घ्या.

आता सोफा. तीन जणांचा भाग साडेसहा गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे ५८ घनफूट. दोन खुर्च्या प्रत्येकी २७. पूर्ण संच ११२ घनफूट! कूलर त्याच्या लोखंडी पत्र्यासह तीन गुणिले तीन गुणिले चार, म्हणजे ३६. दोन्ही मिळून १४८. आणि जातं? दीड फूट रुंद, फूटभर उंच, फार तर दोन-सव्वादोन घनफूट. तो जड दगड हौद्याच्या एका कोपऱ्यात बसतो आणि भाड्यात एक रुपयाचीही भर घालत नाही. दिवाण सागवानी आहे, म्हणजे पाय आणि फळ्या सुट्या होतात. चपटा रचला की दहा घनफूट. आलमारी ३१ घनफूट खाते खरी, पण ती आतून रिकामी असते. तिच्यात रजया, गोधड्या, चादरी, हिवाळी कपडे भरा. मग तीच एक मोठी पेटी झाली. सोफ्याच्या आत असं काहीच भरता येत नाही.

उरलेलं पत्रातल्या यादीवरून धरते: १९० लिटरचा फ्रीज १८, वॉशिंग मशीन १२, दोन गाद्या १५, टीव्ही ८, मुलांचं घडीचं टेबल ८, सायकल १०, भांड्यांची सहा पोती २४, आणि दीड फुटी खोकी चोवीस, म्हणजे ८१. दिवाण, आलमारी आणि जातं धरून एकूण २२० च्या आसपास. रचताना पंधरा टक्के जागा फटींत जाते. तरी २६० च्या आत बसतं. ताई, तुमचं सामान पिकअपमध्ये मावतं. मावत नाही तो सोफा आणि कूलर.

भाड्याचा खर्च उतारासारखा हळूहळू कमी होत नाही, तो जिन्यासारखा असतो. चार खोकी कमी केली म्हणून आयशरवाला चारशे रुपये सोडत नाही. पण एक पायरी खाली उतरून पिकअपवर आलात की थेट १३,००० वाचतात. म्हणून 'ही वस्तू न्यायला किती पडेल' हा प्रश्न एकेका वस्तूला विचारून उपयोग नाही. 'हिच्यामुळे मोठी गाडी करावी लागते का' हा प्रश्न विचारा. सोफ्याबाबत उत्तर 'हो' आहे. तो नेण्याचा खरा खर्च वरचे १३,००० आणि इथे विकून जे मिळाले असते ते, समजा ८,०००. म्हणजे जुन्या सोफ्यासाठी २१,००० मोजायचे. ही आकडेमोड यजमानांसमोर तुम्ही करू नका, त्यांच्याच हातात टेप आणि वही द्या. त्यांचं म्हणणं चुकीच्या हेतूचं नाही. ज्याला जास्त पैसे पडले ते जपावं, असंच कोणालाही वाटतं. पण सोफ्याला पडलेले २८,००० तीन वर्षांपूर्वीच खर्च झाले. आता प्रश्न पुढच्या पैशांचा आहे.

सासूबाईंबद्दल एक सुचवते. त्यांना 'काय टाकायचं' असं विचारू नका. त्यांना एक खोकं द्या, दीड फुटाचं, आणि सांगा की हे तुमचं, यात काय घालायचं ते तुम्ही ठरवा, कोणी उघडून बघणार नाही. जातं आणि दिवाण येणार आहेत, हे आधी सांगा. नव्या गावी त्यांची ओळखीची माणसं नसणार, वस्तू तरी ओळखीच्या असू द्या.

आता तेवीस हजारवाला. माझं उत्तर 'नको' आहे, आणि कारण केवळ दर कमी आहे हे नाही. घर न बघता, मजला न विचारता जो आकडा सांगतो त्याने आकडा सांगितलेलाच नसतो, तुमचा होकार तेवढा मागितलेला असतो. खरा आकडा सामान गाडीत चढल्यावर येतो: 'सामान जास्त निघालं', 'दुसऱ्या मजल्याचे वेगळे', 'जीएसटी वेगळा', 'टोल वेगळा'. तोवर तुमचा फ्रीज त्याच्या गाडीत असतो. दुसरा धोका असा, की कमी दरात बहुतेक वेळा स्वतंत्र गाडी नसतेच. तुमचं सामान वाटणीच्या गाडीने जातं, म्हणजे आधी गोदामात उतरतं, चार घरांचं सामान जमेपर्यंत थांबतं, मग दुसऱ्या गाडीत चढतं. प्रत्येक चढ-उतार म्हणजे फुटण्याची एक नवी संधी, आणि आठ-दहा दिवस तुम्ही चाकणला सतरंजीवर. वाटणीची गाडी वाईट नाही, पण तसं असेल तर ते आधी लेखी सांगायला हवं. आगाऊ रक्कम कोणाशीही ठरवा, एकूण रकमेच्या दहा टक्क्यांच्या वर देऊ नका, आणि तीही गाडीचा नंबर व लेखी दर हातात आल्यावर.

पॅकर्सवाल्याचे ५२,००० मात्र लुटीचे नाहीत. त्यात बांधणारी चार माणसं, खोकी, बबल रॅप, दोन्हीकडची हमाली, गाडी आणि १८ टक्क्यांच्या आसपास कर असतो. ज्या घरात कोणालाच दोन आठवडे वेळ नाही किंवा उचलायला माणूस नाही, त्यांनी तोच मार्ग घ्यावा. तुमच्याकडे पैसा कमी पण वेळ थोडाफार आहे, म्हणून तुम्हाला बांधाबांध स्वतः करून पिकअप परवडते.

पिकअप ठरवण्याआधी एक फेरी मारून या. नागपुरात वाडीला आणि भंडारा रोडवर कापसीला वाहतूकदारांची गोदामं आहेत. पुण्या-मुंबईहून माल घेऊन आलेल्या गाड्या इथे रिकाम्या होतात आणि परतीचा माल शोधतात. परतीची गाडी मिळाली तर दर खाली येतो, कारण रिकामं परत जाण्याचा खर्च तुमच्या माथी नसतो. अट एवढीच, की तारखेत दोन-तीन दिवस मागेपुढे चालवून घ्यावे लागतात. महिनाअखेर, शनिवार-रविवार आणि अक्षय्य तृतीयेसारखे मुहूर्त टाळा. महिन्याच्या मधल्या मंगळवारी-बुधवारी गाड्या मोकळ्या असतात. अमावास्येला तर सर्वांत मोकळ्या, पण सासूबाईंचं मन आधीच दुखावलेलं असताना तो हट्ट धरू नका.

गाडी ठरली की एका कागदावर एवढं लिहून दोघांनी सही करा: गाडीचा नंबर, चालकाचा फोन, कुठून कुठे, एकूण भाडं, टोल त्यात आहे की नाही, पोहोचण्याची तारीख, उशीर झाला तर काय, आणि वस्तूंची क्रमांकवार यादी. नंबरपाटी पिवळी हवी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने मालासाठी घेतली आणि अपघात झाला, तर विमा हात वर करतो. घरातल्या कोणी पैसे वाचवायला मागे सामानात बसून जाऊ नये, त्या प्रवासाला विम्याचं संरक्षण नसतं. ई-वे बिलाची भीती कोणी घातली तर घाबरू नका, वापरलेल्या घरगुती सामानाला ते लागत नाही. यादीवर 'वापरलेलं घरगुती सामान, विक्रीसाठी नाही' असं ठळक लिहून सही करा आणि एक प्रत चालकाकडे द्या.

जे वाचक ट्रान्सपोर्ट कंपनीमार्फत सामान पाठवणार आहेत, त्यांनी बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, हातात आल्याशिवाय गाडी हलू देऊ नये. बिल्टीवर सामानाची किंमत लिहिली नसेल, तर २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखालच्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपुरतीच राहते. नुकसान झालं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर पुढे दावा उभा राहत नाही. 'विम्याचे तीन टक्के' म्हणून कोणी पैसे घेतले तर विमा कंपनीचं प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर तो विमा नव्हे, नुसतं आश्वासन. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि आगाऊ घेऊन माणूस गायब झाला तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.

आता बांधाबांध. यासाठी खोकी विकत घेऊ नका. औषधाच्या दुकानातली सलाइनची खोकी सगळ्यांत मजबूत. ती पुस्तकांना आणि धान्याच्या डब्यांना. किराणा दुकानातली बिस्किटांची खोकी मोठी पण मऊ, ती कपड्यांना आणि खेळण्यांना. दारूच्या दुकानातल्या खोक्यांत पुठ्ठ्याचे कप्पे असतात. काचेचे ग्लास आणि बरण्यांना त्याहून चांगलं काही नाही. चोवीस खोकी, सहा रोल दोन इंची चिकटपट्टी, आठ किलो रद्दी, सहा पोती, तीस मीटर नायलॉनची दोरी आणि एक जाड मार्कर, एवढ्यात तुमचं घर बांधून होतं. नागपूरच्या उन्हात हलक्या चिकटपट्टीचा डिंक सुटतो, म्हणून तिच्यात काटकसर नको. तळाला आडवी एक आणि दोन्ही कडांना एकेक पट्टी हवीच.

एक खोकं पंधरा किलोच्या वर जाऊ देऊ नका. दुसऱ्या मजल्यावरून उतरवताना हमाल जड खोकं ठेवत नाही, सोडतो. पुस्तकं म्हणूनच लहान खोक्यांत. काचेची ताटं आडवी न रचता उभी भरा, कडेवर. हादरा बसला तर सगळ्यांचं वजन खालच्या एकावर येत नाही. फुटतं ते आपटून कमी आणि हलून जास्त, तेव्हा खोकं बंद करण्याआधी दोन्ही हातांनी हलवून बघा. आत आवाज आला तर आणखी रद्दी कोंबा. मोठ्या कुकरात वाट्या, पातेल्यात पातेली, पिंपात कणीक मळायची परात, असं एकात एक घातलं तर सहा पोती पुरतात. जुन्या सुती साड्या फेकू नका, आलमारीचा आरसा आणि टीव्हीला त्यांच्यासारखं आवरण नाही. टीव्हीचा मूळ खोका नसेल तर पडद्यावर आधी मऊ कापड, मग पुठ्ठा, आणि गाडीत तो उभाच, दोन गाद्यांच्या मध्ये.

फ्रीज चोवीस तास आधी बंद करून दार उघडं ठेवा, बर्फाचं पाणी पूर्ण निघू द्या. ओला फ्रीज ताडपत्रीखाली एक दिवस राहिला की आत बुरशीचा वास धरतो. तो उभाच न्यायचा. वळणावर तोल जाऊन आडवा पडला, तर जितका वेळ आडवा होता निदान तितका वेळ तरी उभा ठेवून मगच चालू करा, कारण कंप्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं. तसाच चालू केल्याने कंप्रेसर जातो. वॉशिंग मशीन पुढून दार असलेलं असेल तर ड्रम जखडायचे बोल्ट मागून बसवावे लागतात; ते हरवले असतील तर कंपनीच्या दुरुस्तीवाल्याकडे मिळतात. वरून दार असलेल्या मशीनच्या ड्रमभोवती जुनी रजई घट्ट कोंबली की पुरतं. दोन्हींच्या नळीतलं पाणी काढा.

इन्व्हर्टरची बॅटरी पन्नास-साठ किलोची असते आणि तिच्यात आम्ल असतं. ती उभीच, दोन्ही टर्मिनलना चिकटपट्टी लावून, पुठ्ठ्याच्या तळावर, हौद्याच्या मागच्या टोकाला. कपड्यांच्या गाठोड्याला लागून नको. लोणच्याच्या बरण्यांच्या तोंडाला प्लॅस्टिक घालून झाकण लावा आणि त्या स्वतःबरोबर न्या. सोनं, कागदपत्रं, औषधं, शाळेचे दाखले आणि घराचा करार हे गाडीत जायचं नाही.

भुश्याच्या पाट्यांचं कपाट असेल, म्हणजे वर चकचकीत आणि आत लाकडाचा चुरा, ते खोलून नेऊ नका. एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात दुसऱ्यांदा घट्ट बसत नाही. सागवान किंवा लोखंड दहादा खोललं तरी चालतं. जुनी आलमारी आणि दिवाण न्यायचा माझा आग्रह यासाठीही आहे.

गाडी भरण्याचा क्रम. केबिनच्या पाठीला आलमारी, फ्रीज, वॉशिंग मशीन, एका रांगेत, दोरीने हौद्याच्या कड्यांना बांधून. आलमारीच्या पायाशी जातं. दोन्ही तळ्या वेगळ्या, मध्ये पोतं, खुंटा काढून पिशवीत. मग पुस्तकांची आणि धान्याची खोकी तळाला, त्यावर हलकी. गाद्या कडेला उभ्या. प्रत्येक रांग संपली की दोरी घ्या. शेवटी एकच दोरी वरून आवळली तर मधली खोकी मोकळीच राहतात. पोती फटींत. सगळ्यांत शेवटी चढवायचं ते पहिल्या रात्रीचं सामान: चादरी, एक कुकर, शेगडी, चहा-साखर, झाडू, बादली, बल्ब, पेचकस. मेमध्ये वळवाची सर येते, म्हणून ताडपत्री दुहेरी घाला आणि ती पुढून मागे अशी घ्या. उलटी घातली तर वारा आत शिरून ती फडफडत फाटते. गाडी सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर भरा. पंचेचाळीस अंशांत दुसऱ्या मजल्यावरून फेऱ्या मारायला लावणं हमालांच्या जिवाशी खेळ आहे. त्यांच्यासाठी थंड पाणी आणि गुळाची सोय ठेवा.

हमाल नागपुरात ठिय्यावर मिळतील, चाकण-भोसरीकडे मजूर अड्ड्यावर. दर गाडीवर ठरवा, तासावर नको, आणि मजला आधी सांगा. दोन्हीकडे चार-चार माणसं, सातशे रुपये प्रत्येकी धरा. नव्या सोसायटीच्या सेक्रेटरीला आधीच फोन करून विचारा: सामान कोणत्या वेळेत आणायचं, लिफ्ट वापरू देतात का, वेगळं शुल्क आहे का. चालकाशीही बोलून घ्या. वाहतूकदारांमध्ये 'ज्याचा माल त्याचा हमाल' म्हणतात, म्हणजे उतरवायची जबाबदारी तुमची. ते स्पष्ट नसलं की फाटकात भांडण होतं. अनोळखी टोळी येऊन 'आम्हीच उतरवणार' म्हणत पैसे मागू लागली, तर नोंदणीकृत माथाडी कामगाराकडे मंडळाचं ओळखपत्र असतं, ते बघायला मागा. नसेल आणि दमदाटी होत असेल तर ११२ ला फोन करा, हुज्जत घालत बसू नका.

दुचाकी पिकअपमध्ये घातली तर ५७ घनफूट गेले, म्हणजे पुन्हा आयशर. ती रेल्वेने पाठवा. नागपूर किंवा अजनीहून सुटणारी गाडी निवडा. हावड्याहून येणारी गाडी काही मिनिटं थांबते आणि पार्सल डब्यात जागा नसली की तुमची दुचाकी फलाटावरच राहते. आरसी, विमा आणि ओळखपत्राच्या प्रती न्या. टाकी थेंब न उरेल अशी रिकामी लागते. स्टेशनाबाहेर पोतं-गवत गुंडाळून देणारे असतात, त्यांचा दर आधी ठरवा, आरसे काढून घ्या. तुम्ही त्याच गाडीने जात असाल तर तिकिटावर सामान म्हणून नोंद होते, नसाल तर पार्सल म्हणून. पोहोचल्यावर लगेच सोडवा, मुदतीनंतर तासागणिक व्हार्फेज, म्हणजे स्टेशनात पडून राहिल्याचं शुल्क, चढतं. पुणे स्टेशनजवळचा पंप आधी शोधून ठेवा, तिथवर ढकलतच न्यावी लागेल. दुचाकीने स्वतः यायचा विचार असेल तर समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, हे लक्षात घ्या. राज्य तेच असल्याने नंबर बदलत नाही, पुन्हा करही नाही. आरसीवरचा पत्ता तेवढा तीस दिवसांत बदलायचा. परराज्यात जाणाऱ्या वाचकांना मात्र एनओसी लागते आणि बारा महिन्यांच्या वर तिथे गाडी राहिली की नवी नोंदणी.

गॅस सिलिंडर, भरलेला असो वा रिकामा, सामानात घालू नका. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, टर्मिनेशन व्हाउचर घ्या. जोडणी घेतली तेव्हा भरलेली अनामत परत मिळते, आजच्या दराने नाही. नव्या जागी चालू दराने भरावी लागेल. जून २०२२ मध्ये ती सिलिंडरला २,२०० आणि रेग्युलेटरला २५० झाली. पण आधी घरमालकाला विचारा. तिकडे पाइपचा गॅस असेल तर नवी जोडणी नकोच, फक्त शेगडीचे जेट बदलावे लागतील.

एक अडचण तुमच्या लक्षात आली नसेल. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, पुण्यात आठवडाभर तरी आधी, १५ जूनच्या सुमारास. नागपूरच्या अंदाजाने थांबलात तर मुलांची सुरुवात बुडेल. निकाल लागताच शाळा सोडल्याचे दाखले मागा. उन्हाळ्यात कार्यालय अर्धा दिवसच चालू असतं. म्हणून मला असं सोयीचं वाटतं: यजमानांनी १ मेला दोन कपड्यांच्या बॅगा घेऊन एकट्याने जावं, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, तीन आठवडे राहावं आणि घर स्वतः चढून-उतरून बघून ठरवावं. फोटोवरून घर घेतलं आणि आलमारी जिन्यात वळली नाही, असं होतं. तेव्हा जिन्याची रुंदी आणि दाराची मापं तुम्हाला कळवायला सांगा. तीन आठवड्यांचं जास्तीचं भाडं जातं खरं, पण चुकीच्या घराची अनामत अडकण्यापेक्षा ते स्वस्त. सामान मेच्या तिसऱ्या आठवड्यात, मधल्या वारी. रेशनकार्ड बदलायला वेळ लागला तरी आधार जोडलेलं असेल तर धान्य चाकणच्या दुकानातही मिळतं.

बेरीज करू. पिकअप २१,०००, हमाली ५,६००, बांधाबांधीचं सामान २,५००, दुचाकीला बांधणीसह ३,००० धरा. होतात ३२,१००. सोफ्याचे ८,००० आणि कूलरचे ३,००० आले तर हातचे २१,१०० लागतात. उरलेल्या ८,९०० मधून तुमची तिकिटं काढा आणि बाकीचे तसेच ठेवा. पहिल्या आठवड्यात नळ, स्विच, पडद्याचे रॉड अशात पैसे जातातच. परतीची गाडी सापडली तर आणखी सैल होईल. बैठकीला वर्षभर दिवाण आणि गाद्या आहेत. सोफा पुढे घेता येईल, नाही घेतला तरी अडत नाही.

चाकणला गाडी पोहोचली की यादीवर खुणा करत मोजा, फुटकं दिसलं तर चालकासमोर फोटो काढा आणि सही करण्याआधी त्याच्या प्रतीवर तसं लिहा. विजेच्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो नागपुरातून निघताना घेतलेला असू द्या.

राहिला कूलर. त्याला खरा भाव आत्ता एप्रिलमध्ये आहे, पण मे महिन्यात नागपुरात सासूबाई आणि मुलं त्याच्याशिवाय राहू शकणार नाहीत. म्हणून घरमालकाला विचारा, तुमच्यानंतर कोण येणार आहे. नव्या भाडेकरूला तो खिडकीत बसवलेलाच, पाण्याच्या जोडणीसकट मिळतो. त्याला सोय, तुम्हाला उतरवायचा त्रास नाही. शे-दोनशे कमी आले तरी त्यालाच द्या, आत्ता निम्मे घ्या आणि निम्मे किल्ली देताना.